क्लेमबापू

शाहूपुरीतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिरलं की उजव्या हाताला चपलांचा रॅक, डाव्या हाताला पाण्याचा फिल्टर आणि समोर जिन्याखाली क्लेमबापू. जिना वर ऑपरेशन थिएटरला जातो. त्यामुळे डॉक्टरांकडे निघालेला प्रत्येक माणूस बापूंच्या डोक्यावरून जातो आणि परतताना बापूंच्या पुढ्यात येऊन बसतो. वर डोळे उघडतात, खाली पाकीट.

पेशंट खुर्चीला टेकायच्या आत बापू विचारतात, "कुठला?"

नवखा माणूस सांगतो, "मुरगूडचा."

"गाव न्हाई हो. डोळा."

"हां. उजवा."

"तुमचा उजवा, का माझ्याकडनं बघताना उजवा?"

इथं मुरगूडकर गडबडतो. आपण जेवतो कुठल्या हातानं ते हवेत घास उचलून तपासतो, आणि मग त्या बाजूच्या डोळ्यावर बोट ठेवतो. बापू फायलीवर ठळक 'उजवा' लिहितात, खाली दोन रेघा ओढतात आणि मगच नाव विचारतात. नाव चुकलं तर आधार कार्ड बघून दुरुस्त करता येतं, डोळा चुकला तर कुठल्या कार्डावर बघायचा, असं त्यांचं म्हणणं.

एखादे गूळवाले शेठ ऐटीत म्हणतात, "दोन्ही करून टाका एकदम. होलसेलात सूट किती?"

"दोन्ही नसतंय शेठ. दोन डोळं म्हंजे दोन फायली, दोन मंजुऱ्या, दोन बिलं."

"माणूस एकच हाय की!"

"माणसाचं बिल हुईत न्हाई. डोळ्याचं हुतंय."

बापूंचं पाळण्यातलं नाव पगारपत्रकावर असेल, मी ते कधी ऐकलं नाही. वय चाळिशीच्या अलीकडचं. पण बापू, अण्णा, तात्या ही पदं कोल्हापुरात वयावर मिळत नाहीत, वजनावर मिळतात. आणि ज्याच्या सहीवाचून काळा चष्मा लावलेला माणूस घरी जाऊ शकत नाही, त्याचं वजन काट्यावर करायची गरज नसते. चष्म्याची एक काडी सेलोटेपनं चिकटवलेली, खिशात निळं, लाल आणि काळं अशी तीन पेनं, टेबलावर स्टेपलर, पंच, स्कॅनर आणि एक पितळी पेपरवेट. भिंतीवर त्यांनीच संगणकावर टाइप करून लावलेला कागद: 'भेटवस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत. कृपया कागदपत्रे स्वीकारार्ह आणावीत.'

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलानं जे जे करायचं असतं ते सगळं करून झाल्यावर बापू पुण्याला गेले होते. तिथं मेडिकल कोडिंगचा कोर्स केला आणि आठ वर्षं रात्रपाळीत अमेरिकेच्या डोळ्यांची बिलं लिहिली. तिकडे दिवसा ऑपरेशन व्हायचं, इकडे रात्री हिशेब लागायचा. ओहायोतल्या म्हाताऱ्यांच्या पडद्यांची बारीकसारीक अवस्था बापूंना तोंडपाठ. खोलीतल्या तीन जोडीदारांपैकी एकाचं आडनाव मात्र खोली सोडेपर्यंत कळलं नाही. लॉकडाऊनमध्ये कोल्हापूरला आले ते आलेच.

पुण्यातून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, अपचन. दुसरी, नंबर.

ही नंबरांची भानगड थोडी सांगायला हवी, नाहीतर बापू कळायचे नाहीत. अमेरिकेत डॉक्टरानं काय केलं हे शब्दांत लिहून पैसे मिळत नाहीत, नंबरानं मिळतात. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९६६ साली कामांच्या नंबरांचं पुस्तक काढलं, ते अजून दरवर्षी निघतं. त्यात ६६९८४ म्हणजे मोतीबिंदू काढून भिंग बसवणं. ६६९८२ म्हणजे तेच काम, पण अवघड. बाहुली पसरत नाही, भिंगाला धरणारे धागे सैल झालेत, अशा जातीचं. बापूंनी हे दोन नंबर डोळ्यांपुरते ठेवले नाहीत. एसटीत खिडकीची जागा मिळवणं ६६९८४. तहसीलदार कचेरीतून दाखला मिळवणं ६६९८२. आपल्या थोरल्या मेव्हण्याचा उल्लेख ते 'ब्याऐंशी' असाच करतात आणि मेव्हण्याला वाटतं, हा जन्मसाल सांगतोय.

पापण्यांचंही तसंच. तिकडे चार पापण्यांना चार खुणा आहेत. ई-१ डावी वरची, ई-२ डावी खालची, ई-३ उजवी वरची, ई-४ उजवी खालची. रांजणवाडी कुठल्या पापणीला आली हे खुणेसकट लिहावं लागतं. बापू हे मोठ्या अभिमानानं सांगत होते तेव्हा समोर बसलेले एक शेतकरी म्हणाले, "बगा, एका माणसाच्या चार पापण्यांना चार नंबर. आमच्यात चार भावांत एकच सातबारा."

दुसऱ्या डोळ्याची गोष्ट त्यांच्या विशेष आवडीची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या पैशातच पुढच्या नव्वद दिवसांची तपासणी धरलेली असते. त्या नव्वद दिवसांत त्याच डॉक्टरानं दुसरा डोळा केला, तर विमेवाल्याचा संगणक समजतो की हे पहिल्यातलंच काहीतरी चाललंय, आणि शून्य पैसे देतो. म्हणून नंबराच्या पुढे ७९ जोडायचा. हे काम वेगळं आहे, पहिल्याशी संबंध नाही. पुण्यातल्या कंपनीत एका नवख्यानं महिनाभर ७९ जोडायचा विसरून कितीतरी उजवे डोळे फुकटात काढून दिले होते, ही आठवण सांगताना बापूंचा आवाज अजून बसतो.

नव्वद दिवसांचा नियम त्यांनी कोल्हापुरात लागू करून पाहिला. चप्पल लाइनीत घेतलेल्या कापशीचा अंगठा दोन महिन्यांत तुटला. बापू दुकानदाराला म्हणाले, मुदतीच्या आत आहे, वेगळे पैसे पडायचे नाहीत. दुकानदारानं विचारलं, कुठल्या पायाची? डावी, बापू म्हणाले. "उजवी नीट हाय ना? मग निम्मी चप्पल चांगली दिली की आम्ही." बापू गप्प परत आले. समोरच्याला आपलीच विद्या येत असेल तर वाद घालता येत नाही.

पण डाव्या-उजव्याचं त्यांचं खूळ त्यांच्या जन्माबरोबरचं नव्हे, त्याला तारीख आहे: १ ऑक्टोबर २०१५. त्या दिवसापर्यंत अमेरिका आजारांची जुनी यादी वापरत होती. त्यात पिकल्या वयाच्या गाभ्यातल्या मोतीबिंदूला एकच नंबर होता, ३६६.१६. कुठल्या डोळ्यात, हे त्या नंबराला ठाऊकच नव्हतं. नवी यादी आली आणि तोच मोतीबिंदू एच-२५.११ उजवा, एच-२५.१२ डावा आणि एच-२५.१३ दोन्हीकडचा असा फुटला. चौदा हजारांच्या आसपास नंबर होते, ते जवळजवळ सत्तर हजारांवर गेले. कंपनीत महिनाभर रडारड चालली होती. बापूंना मात्र त्या रात्री पहिल्यांदा कळलं की जगाला बाजू असते. तेव्हापासून बायको "डोकं दुखतंय" म्हणाली की बापू गोळी देण्याआधी बाजू विचारतात.

(या यादीचा पूर्वज १८९३ सालचा. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्टियाँ यांनी माणसं कशाकशानं मरतात याची यादी मांडली, तिथून ती वाढत गेली. म्हणजे मुळात हे मयतांचं रजिस्टर. जिवंत माणसांचा नंबर त्यात फार उशिरा लागला, आणि बापूंच्या टेबलापुढची रांग बघितली की वाटतं, अजून लागतोय.)

त्या सत्तर हजारांतले काही नंबर बापू फक्त दुपारी चारच्या चहाला काढतात. दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर रिक्षावाले, औषध दुकानातली पोरं आणि पेशंटचे नातेवाईक असा दरबार भरतो.

"अमेरिकेत गायीनं धडक दिली तर वेगळा नंबर हाय. डब्ल्यू-५५.२२."

"खोटं."

"बदकानं मारलं तर वेगळा. डब्ल्यू-६१.६२."

"बदक मारतंय व्हय?"

"मारत असंल. त्याबिगर नंबर काढतील काय?"

चहावाला बराच वेळ गाळणी धरून ऐकत होता. त्यानं विचारलं, "आणि म्हशीचं?"

बापूंचा कप अर्ध्यावर थांबला. यादीत गाय आहे, घोडा आहे, डुक्कर आहे. म्हैस नाही. म्हशीनं धडक दिली तर 'इतर खुरवाली जनावरं' या रकान्यात, शेळ्यामेंढ्यांच्या शेजारी बसावं लागतं. बापूंनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. दरबारावर शांतता पसरली. ज्या गावात दिवाळीत म्हशींच्या शिंगांना मोरपिसं बांधून मिरवणूक काढतात, त्या गावात म्हशीला 'इतर' म्हणणारी यादी कुणी मनावर घ्यायची? एक रिक्षावाला म्हणाला, "मग हुशार कशाची अमेरिका!" आणि बिडी विझवून निघून गेला. बापू त्या दिवशी दुसरा चहा न घेता आत आले.

शाहूपुरी मात्र बापूंना पहिल्या दिवसापासून मानवली. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. चार वर्षं आधी मिरजेहून रेल्वे आली होती, स्टेशन हाकेवर, माल चढवायला सोपा. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात आणि शाहूपुरीत मोटारीचे सुटे भाग, लॉज, बँका आणि दवाखाने आहेत. पण बापूंना आवडलं ते वेगळंच. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. "महाराज दूरदृष्टीचं," बापू म्हणतात, "पेठच कोडिंग करून वसवली." कुंभार गल्लीला नंबर नाही, नाव आहे, एवढीच त्यांना रुखरुख. गणपतीच्या दिवसांत तिथून जाताना ते तिला 'अनस्पेसिफाइड' म्हणतात.

इथं आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अमेरिकेत भांडण नंबराशी असतं आणि इथं शब्दाशी. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ साली आलं, पण ते काय आहे हे माणसाला पहिलं ऑपरेशन होईपर्यंत कळत नाही. मग जिन्याखाली कळतं.

"पाच लाखाची पॉलिसी हाय माझी!" एक गृहस्थ कागद आपटून म्हणाले. कागद 'आरोग्य संजीवनी'चा होता. एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांनी एकसारखी विकायची ठरलेली.

"पाच लाख तुमाला हायत," बापू म्हणाले. "डोळ्याला न्हाईत. मोतीबिंदूला विम्याच्या रकमेचा चौथा हिस्सा किंवा चाळीस हजार, त्यातलं जे कमी आसंल ते. एका डोळ्याला, एका वर्षात."

"पाचाचा चौथा हिस्सा सव्वा लाख."

"आणि चाळीस हजार कमी का सव्वा लाख कमी?"

गृहस्थांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजे पाच लाख कवा मिळायचं?"

"तेवढा आजार झाल्यावर. त्यातबी पाच टक्के तुमी भरायचं."

गृहस्थ उठले. एवढा आजार त्यांना नको होता, पण पाच लाख सोडवतही नव्हते.

एकदा पोलिस भरतीची तयारी करणारी मुलगी आली. चष्म्याचा नंबर उणे चार, लेझरनं घालवायचा होता, विमा वडिलांच्या नावे. बापूंनी सांगितलं, साडेसात डायॉप्टरच्या खालच्या नंबराला विमा नाही. मुलीचे वडील सुस्कारा सोडून म्हणाले, "जल्मभर साडेसाती टाळाय शनीला तेल घातलं. आणि आता ही पायजे तवा साडेसात न्हाई."

बापूंचा खरा सामना असतो तो कोल्हापुरी बोलण्याशी. आमच्याकडे कुठलीही गोष्ट थोडी नसते. मिसळ लई तिखट, ऊन लई कडक, पाव्हणं लई जवळचं. विम्याच्या भाषेत 'लई' नाही. तिथं तारीख लागते. बहुतेक पॉलिसींत मोतीबिंदूला चोवीस महिने थांबावं लागतं, आणि आजार पॉलिसीच्या आधीचा निघाला तर त्याचा वेगळा घोळ. म्हणून आत डॉक्टरांपुढे जाण्याआधी बापू पेशंटला शेजारी बसवून घेतात.

"किती दिवस झालं दिसंना?" पटका बांधलेल्या एका आजोबांना त्यांनी विचारलं.

"दहा वरसं!"

बापूंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, पॉलिसी चार वर्षांची. मोत्या दहा वर्षांचा. मोत्या थोरला, पॉलिसी धाकली. असं कसं चालंल?"

"मग एक म्हैना लिवा."

"तसंबी न्हाई. खरं काय ते सांगा. खासबागेत कुस्त्यांला जाता?"

"एक मैदान चुकवलं न्हाई अजून."

"यंदाचं बघितलं?"

"बघितलं म्हंजे! ढाक लावली त्यानं, पन वरचा गडी सावध, पाय काढून घेतला, आन मग जो घिस्सा मारलाय..." आजोबा खुर्चीतून उठले. बापूंचा हात त्यांनी मनगटापाशी धरला होता.

"कुठं बसला हुता?"

"लांब, वरल्या पायरीवर."

"तिथनं पाय काढल्याला दिसला?"

आजोबांनी हात सोडला. बराच विचार केला. "दिवाळीपासनं मातर एस्टीची पाटी वाचाय येईना," ते हळू आवाजात म्हणाले.

"हां. हे आत सांगा. दहा वरसं सांगू नका."

"तसं म्हनायची पद्धत असती हो."

बापू खोटं लिहीत नाहीत, लिहू देत नाहीत. त्यांचं काम एवढंच, की माणसानं खऱ्याला फुगवून त्याचं खोटं करू नये. पुण्याच्या रात्रपाळीत त्यांना एक वाक्य शिकवलं होतं: लिहिलं नाही, ते झालं नाही. डॉक्टरानं तपासणी केली पण कागदावर नोंद नाही, तर तपासणी झालीच नाही. शिरोलीच्या फौंड्रीतला एक पोरगा डोळ्यात लोखंडाची कच घेऊन येतो, डॉक्टर मशिनीवर हनुवटी टेकवून दोन मिनिटांत ती काढतात. बापू विचारणार, "मशिनीवर काढली असं लिवलंय का?" तिकडे मशीन लावून काढली तर ६५२२२, बिनमशीन ६५२२०. इथं त्या पोराला साधी पावती करायची असते, त्याला कसलाच नंबर लागत नाही. पण बापूंना तो मनात लावल्याशिवाय चैन पडत नाही.

घरीही तोच कायदा. बायको म्हणाली, "सकाळी कोथिंबीर आणा म्हनून सांगितलं हुतं." बापू म्हणाले, "लिवून दिलं हुतंस?" दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी आली: 'कोथिंबीर. एक पेंडी. हिरवी. आजच. पिवळी आणल्यास परत पाठवली जाईल.' बापूंनी ती चिठ्ठी आम्हाला कौतुकानं दाखवली. एवढी स्वच्छ नोंद त्यांनी दवाखान्यात पाहिली नव्हती.

अक्षरांचे घोटाळे तर रोजचे. एका व्यापाऱ्यानं आपल्या फायलीवर 'ओडी' वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. बापूंच्या कानाशी वाकून म्हणाला, "माझ्या ओडीचं तुमाला कुणी सांगितलं? बँकेतनं फुटलं काय?" डोळ्यांच्या डॉक्टरांत 'ओडी' म्हणजे उजवा डोळा, लॅटिनचं लघुरूप. औषधाच्या चिठ्ठीत 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. आणि शाहूपुरीत ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट. बापूंनी शांतपणे समजावलं की तुमच्या ओडीत ओडी थेंब घालायचाय, तिसऱ्या ओडीशी दवाखान्याचा संबंध नाही. व्यापारी थेंब घेऊन गेला. बापूंवर त्याचा विश्वास बसला असं काही वाटलं नाही.

आणि स्टिकर! बसवलेल्या भिंगाच्या खोक्यावर एक चिकटपट्टी असते. कंपनी, मॉडेल, नंबर, भिंगाची पॉवर. ती फायलीला लावल्याशिवाय विमा भिंगाचे पैसे देत नाही. म्हणजे आत भिंग बसलंय, माणूस भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवतोय, तरी पुरावा चिकटपट्टीच. ती एकदा नातवाच्या हाती लागली. बापूंनी पत्ता काढला, रविवारी घरी गेले आणि सायकलीच्या घंटीवर चिकटवलेलं '+२१.५' ब्लेडनं अलगद सोडवून आणलं. नातू रडला. बापूंनी त्याला दुसरं स्टिकर दिलं, टूथपेस्टचं.

मे २०२४ मध्ये विमा नियामकांनी नियम काढला की कॅशलेसची मंजुरी तासाभरात द्यायची आणि घरी सोडतानाची तीन तासांत. तेव्हापासून बापूंच्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ आहे आणि प्रत्येक फायलीवर पाठवल्याची वेळ, मिनिटासकट. संध्याकाळी बाकावर काळे चष्मे लावलेले आठ-नऊ जण ओळीनं बसतात. त्यांना घड्याळ दिसत नाही, पण सगळ्यांची तोंडं त्याच दिशेला असतात.

बापूंची खरी ओळख मला पटली ती आत्यामुळे. आत्या कसबा बावड्याची. डावा डोळा झाला, पैसे आधी भरून मग विम्याकडून परत मिळवायचे होते. कंपनीनं कागद मागवले, त्यात 'त्रास केव्हापासून आणि कसा जाणवला याचे रुग्णाचे स्वतःचे निवेदन' असा एक. आत्याला लिहिता येत नाही असं नाही, पण घरात लेखक भाचा असताना ती कशाला हात भरवील? मीही जोरात होतो. ठरवलं, तिचीच बोली ठेवायची, एक शब्द बदलायचा नाही. ती बोलत गेली, मी लिहीत गेलो. 'गेल्या दिवाळीत मी चकल्या तळाय बसलो. कढईची कड दोन दिसाय लागली. मी चुकीच्या कडेवर झारा ठेवलो आणि हात भाजून घेतलो. तवा मी पोराला सांगितलो.' खाली आत्याची सही. मला ते इतकं आवडलं की मी एक झेरॉक्स काढून ठेवली.

आठव्या दिवशी कंपनीचा उलट प्रश्न आला. 'विमाधारक स्त्री आहेत. निवेदन पुरुषाचे आहे. खुलासा करावा. तसेच भाजल्याचे उपचार झाले असल्यास बिले जोडावीत.'

बापूंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. नुसतं बघितलं.

"बोलीभाषा आहे," मी म्हणालो. "आपल्याकडे बायका असंच..."

"ते मला ठावं हाय. माझी आई जल्मभर 'मी आलो' म्हणत आली." त्यांनी चष्मा सारखा केला. "तुमचं मासिकातलं वाचतंय कोण? कुणी वाचलं तर वाचलं. हितं एकेक अक्षर वाचत्यात."

माझ्या लिखाणावर एवढी नेमकी टीका आजवर कुणी केली नव्हती. मग बापूंनी काळं पेन काढलं आणि दवाखान्याच्या कागदावर खुलासा लिहिला. तो मी परवानगीनं उतरवून घेतला:

'विषय: क्रियापदाबाबत. महोदय, रुग्ण या स्त्री असून जन्मापासून स्त्रीच आहेत. आधार कार्डाची प्रत जोडली आहे. कोल्हापूर व आसपासच्या भागात अनेक स्त्रिया स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो, जेवलो अशी क्रियापदे वापरतात. हा प्रकार पूर्वीपासूनचा असला तरी आजार नाही व त्यावर कोणताही उपचार झालेला नाही. भाजल्यावर हाताला घरचे तूप लावले, त्याचे बिल नाही व त्याची मागणीही नाही. शस्त्रक्रिया डाव्या डोळ्याची झाली आहे.'

'डाव्या'खाली दोन रेघा.

सहाव्या दिवशी मंजुरी आली. तिकडे कुणीतरी हसलं असणार, असं मला वाटलं. बापूंना ते पटलं नाही. कागद पुरा होता म्हणून झालं, ते म्हणाले.

पट्टी निघाल्यावर आत्या बापूंना भेटायला आली. पैसे मिळाले होते, पण तेवढ्यासाठी नव्हे. तिला तो माणूस एकदा नीट बघायचा होता. तिनं जिन्याखाली वाकून त्यांना निरखलं. "मी तुला लई म्हातारा समजलो हुतो रं," ती म्हणाली. "आणि चष्म्याला ते काय चिकटवलाईस? डोळ्याच्या दवाखान्यात बसून?" मग पिशवीतनं एक किलोचा गुळाचा रवा काढून टेबलावर ठेवला. पिवळाधमक, कापडाचे ठसे उमटलेला.

बापूंनी आधी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, मग गुळाकडे, मग संगणकाकडे. कुठल्या हेडखाली घ्यायचा हा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होता. औषध नाही, उपकरण नाही, परतावा नाही.

"नोंद कुठं करू ह्याची?" ते म्हणाले.

"नोंद कशाला? खा."

"मावशी, लिहिलं न्हाई तर..." एवढं बोलून बापू थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. ते वाक्य आठ वर्षं रात्री आणि त्यानंतर रोज दिवसा ते म्हणत आले होते, पण त्याला ही दुसरी बाजू असेल हे त्यांना बहुधा तेव्हाच दिसलं. त्यांनी पितळी पेपरवेट उचललं, रव्याच्या कोपऱ्यावर एक टोला घातला, आणि खडा तोंडात टाकला. एक मला दिला. बाकीचा रवा खालच्या खणात, कोऱ्या फॉर्मांच्या मागे गेला.

महिन्याभरानं मी आत्याच्या उजव्या डोळ्याची तारीख घ्यायला गेलो तेव्हा बापू एका कागदापुढे बसले होते. मुरगूडकरांची फाइल परत आली होती. सगळं बरोबर, डोळा बरोबर, स्टिकर बरोबर. फक्त एक प्रश्न: 'पान ३ वरील पिवळसर चिकट ठसा कशाचा आहे? औषधाचा असल्यास बिल जोडावे.'

बापूंनी पेनाचं टोपण दातात धरलं. अंगठा हळूच पँटला पुसला.

"तुमी लेखक न्हवं?" ते म्हणाले. "सांगा बघू, काय लिवू?"